जिजीचा धाकटा

"मेल्या, पाय काढू नको! काढलंस तर बघ!"

जिजी ओरडत होती आणि विजेचं मीटर बघायला आलेला माणूस गुडघ्यापर्यंत जमिनीत उभा होता. एक हात भिंतीला, दुसरा पाय हवेत, चेहरा खडूसारखा. तिच्या घराच्या बाजूच्या पट्टीत त्याने पाऊल टाकलं आणि खालची माती पापडासारखी फुटली. खाली घुशीचं बीळ. आता माणूस असा रुतला की आसपासचे 'धरा, ओढा' म्हणून धावतात. जिजीची तक्रार वेगळी होती. बिळाच्या एका तोंडाशी तिने नुकतीच सुक्या मिरच्यांची धुरी दिली होती, बाकीची तोंडं ओल्या गोणपाटांनी बुजवली होती, आणि या गृहस्थाने मधेच नवीन तोंड पाडलं होतं. त्या तोंडाला सध्या त्याच्याच पायाचं बूच होतं. बूच निघालं की धूर वाया!

"अहो आजी, आग होतेय पायाची!"

"आग नाय, चुरचुरता. घूस भायर येयपर्यंत उबो ऱ्हव. चाय देतंय तुका."

आणि दिला. एक पाय पाताळात ठेवून चहा प्यायलेला चारकोपातला तो पहिलाच सरकारी दिसणारा माणूस. त्याच्या पँटच्या कमरेतून धूर येत होता असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, मास्तर फेकतोय. कमरेतून नाही, कॉलरमधून येत होता. सगळा सेक्टर शिंकत होता. कोपऱ्यावरच्या थांब्याला लागलेली बससुद्धा एकदा शिंकून मग पुढे गेली. घूस मात्र आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नसलेल्या चौथ्या का पाचव्या दाराने नाल्याकडे निघून गेली, आणि जाताना तिने मागे वळून पाहिलं असं जिजी मरेपर्यंत सांगत होती.

चारकोपात आमची बैठ्या घरांची सोसायटी आहे. मधे चौक, भोवती एकमेकांना चिकटलेली घरं. जिजीचं घर आपल्या ओळीतलं शेवटचं, त्यामुळे तिच्या वाट्याला घराच्या अंगाला एक लांबट पट्टी आली होती. पट्टीच्या एका कडेला जिजीची भिंत, दुसऱ्या कडेला पुढच्या ओळीतल्या सेक्रेटरी पाटणकरांचं स्वयंपाकघर, मागे नाला. त्या पट्टीला जिजी 'वाडी' म्हणायची. धोतर वाळत घालायला पुरणार नाही एवढ्या जागेत तिने अळू, केळ, शेवगा, कणगर आणि एक माड असा अख्खा मालवण तालुका बसवला होता. तिचे यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते शेवटचे म्हणून गावाला गेले आणि येताना नारळाचा कोंब मांडीवर घेऊन आले. एसटीत शेजारच्याने विचारलं, "तिकीट काढलंत का ह्याचं?" तर म्हणाले, "लहान आसा, अर्धा पण लागणां नाय." तो कोंब त्यांनी वाडीत लावला. त्याचा पहिला नारळ बघायला ते काही राहिले नाहीत.

जिजीचा मुलगा विलास नालासोपाऱ्याला राहायचा. त्याला ती 'थोरलो' म्हणायची. मी नवीन होतो तेव्हा एकदा विचारलं, "जिजी, मग धाकटा कुठे असतो?" तिने माडाकडे बोट दाखवलं. "तो काय. थोरल्यापेक्षा बरो. हयच ऱ्हवता आणि वरसून देता."

या धाकट्याच्या मुळाशी घुशी लागल्या.

घूस ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उंदराने तालमीत जाऊन अंग कमावलं की घूस होते. आमच्याकडची घूस बघून मांजरं रस्ता ओलांडायची, कुत्री ओळख नसल्यासारखं करायची. एकीला मी पहाटे दुधाची पिशवी पाठीवर मारून नेताना पाहिलंय. नाल्यातून यायच्या, वाडी पोखरायच्या, आधी कणगराचे कंद खायच्या आणि मग सवय म्हणून खणत राहायच्या. सकाळी जिजी दार उघडायची तेव्हा माडाच्या बुंध्याशी ताज्या मातीचा ढीग. ती कंबरेवर हात ठेवून त्या ढिगाला शिव्या द्यायची. तिच्या शिव्या मी इथे लिहिणार नाही, पण त्या ऐकायला पलीकडच्या गल्लीतले मालवणी म्हातारे चहाचे कप घेऊन यायचे. गावाची आठवण यायची त्यांना.

शिव्या जाहीर, पण बेत गुप्त. घुशीला सगळं ऐकू येतं आणि मालवणी तर नक्कीच कळतं, यावर जिजीची श्रद्धा होती. म्हणून पिंजरा कुठे लावायचा, आत सुकट ठेवायची की खोबरं, यातलं अक्षरही ती आवारात बोलायची नाही. मला खुणेने बोलवायची, रिक्षा स्टँडपर्यंत चालवायची आणि तिथे, रिक्षावाल्यांच्या घोळक्यात, कानाशी येऊन सांगायची, "मास्तर, आज सुकट." मी म्हणायचो, "जिजी, घरातच हळू बोललो असतो ना." ती माझ्याकडे दयेने बघायची. "तू मुलांका शिकवतंस. तुका कोण शिकवतलो?"

मिरच्या झाल्या, पिंजरे झाले, काचांचा चुरा झाला. तिने एकदा बिळात पाणी सोडलं, तर ते पाटणकरांच्या न्हाणीघरातून वर आलं. घुशी वाढतच राहिल्या, आणि एका पावसाळ्यात धाकटा कलला. सरळ पाटणकरांच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावर.

पाटणकर म्हणजे बोलताना प्रत्येक वाक्याला मनात शिक्का मारणारा माणूस. बाकी सज्जन. पण त्यांच्या बायकोने पत्र्याखाली उभं राहून पोळ्या करायचं सोडलं, तेव्हा त्यांचाही नाइलाज झाला. चौकात सभा बसली. पाटणकर म्हणाले, "जिजी, मी स्पष्ट सांगतो. मूळ पोकळ झालंय. गणपतीपर्यंत घुशींचा बंदोबस्त करून झाड सुरक्षित झालं तर ठीक, नाहीतर गणपतीनंतर मी तोडायची परवानगी काढणार."

"पाटणकरानु, तुमच्या झिलाचो दात किडलो तर दात काढतास की झील?"

झील म्हणजे मुलगा. सभा हसली. पाटणकर हसले नाहीत. "दात माझ्या गॅसवर पडणार नाही," ते म्हणाले.

त्या दिवसापासून जिजीचं जेवण कमी झालं. फळं लागलेला माड तोडणं म्हणजे तिच्या गावी हाताशी आलेला मुलगा घालवणं. ती दुपारी वाडीत पाट घेऊन बसायची, बुंध्याला पाठ लावून, जणू ती त्याला टेकलेली नसून तोच तिला टेकलाय.

आता खरं तर मुदत हातात होती. पण मधे कॅलेंडर आलं. नागपंचमीला जमीन खणायची नाही, हे झालंच. आणि त्याच दिवशी गणपतीचा पाट मूर्तिकाराकडे गेला. गावच्या घराला कुलूप लागल्यापासून जिजीचा गणपती चारकोपात यायचा. पाट गेला की विसर्जनापर्यंत उंदराच्या जातीला हात लावायचा नाही, हा तिच्या सासरचा कायदा. मी तिला रिक्षा स्टँडवर नेऊन समजावलं. "जिजी, गणपतीचं वाहन उंदीर आहे. ही घूस आहे. धाकट्याचा विचार करा."

"साहेबाची गाडी ती साहेबाची गाडी. बारकी काय नि मोठी काय."

तिने मिरच्यांची बरणी फळीवर ठेवून दिली. पिंजरा धुऊन वाडीत उपडा घातला, वाळायला. दार उघडंच राहिलं, कडेला कधीचा सुकटीचा वास होताच. आणि ऐन चतुर्थीच्या सकाळी, इकडे मूर्ती रिक्षातून उतरते आहे, गुलाल लागतो आहे, तिकडे वाडीत खटकन् आवाज. एवढी वर्षं हुलकावणी देणारी ती थोरली घूस, वाऱ्याने सुलटा झालेल्या रिकाम्या पिंजऱ्यात स्वतःहून शिरून बसली होती! वजन करायला काटा नव्हता म्हणून, नाहीतर त्या दिवशी काटा मोडला असता.

जिजी ताम्हन हातात घेऊन पिंजऱ्यासमोर उभी. अशी पेचात पडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. सोडावी तर धाकटा जातो, मारावी तर कायदा मोडतो. शेवटी म्हणाली, "आता इलीच आसा तर बसांदे. पावणी म्हणान."

आणि ती बसली की हो. गौरी येऊन जाईपर्यंत घूस पाहुणी! गणपतीला नैवेद्य, मग घुशीला. उकडीचे मोदक, ऋषीची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबार. दुसऱ्या सेक्टरमधून लोक दर्शनाला यायला लागले, गणपतीपुढे हात जोडायचे आणि हळूच विचारायचे, "ती कुठाय?" तिसऱ्या दिवशी घुशीने आंबोळी नाकारली, तेव्हा जिजी मला म्हणाली, "चवीन खाता हां. घरची वाटता." एक बाई तर नवस बोलून गेली. तो फळला की नाही मला माहीत नाही, पण पुढच्या वर्षी ती पेढे घेऊन आली होती एवढं खरं.

विसर्जन करून आम्ही परत आलो तर पाटणकर पाण्याने भरलेलं पिंप घेऊन वाडीशी उभे. "जिजी, आता तुमचा नियम संपला. द्या इकडे पिंजरा. दोन मिनिटांचं काम."

जिजीने पिंजरा पदराआड घेतला.

"माझ्या घरात जेवलीहा ती. जेवल्याक मारुचा नाय."

"अहो, हीच खणते आहे! ही जिवंत राहिली तर झाड राहत नाही. कळतंय ना तुम्हाला?"

"कळता," जिजी म्हणाली. तिचा आवाज इतका लहान मी ऐकला नव्हता. "पण जेवलीहा ना रे ती, पाटणकरा."

अहो-जाहो सोडून ती त्यांना 'रे' म्हणाली ते तेवढं एकदाच. पाटणकरांनी पिंप तिथेच ओतून दिलं.

आम्ही पिंजरा घेऊन गोराईच्या खाडीकडे निघालो. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, ये क्या है?" जिजी म्हणाली, "पाव्हनी हय. गाव कू जाती." खाडीकाठच्या चिखलात तिने दार उघडलं. घूस बाहेर आली, इकडेतिकडे बघितलं आणि तिवरांत शिरली. जिजीने पदराला बांधलेला मोदक तिच्या मागे टाकला.

आठवडा झाला नसेल, माडाच्या बुंध्याशी ताजी माती. तीच परत आली की तिच्या लेकीसुना, देव जाणे. जिजी म्हणायची तीच, वाट विचारत आली.

पाटणकरांनी अर्ज लिहायला घेतला. त्याच सकाळी जिजीने मनोरीहून आपल्या ओळखीच्या कोळ्याकडून होडीचा जाडजूड दोर आणवला, नारळ पाडणाऱ्याला वर चढवून तो शेंड्याखाली बांधायला लावला, आणि दुसरं टोक आपल्या घरावरून पलीकडे चौकात आणलं. मग प्रत्येक दारात उभी राहून ओरडली, "भायर येवा! हात लावा!"

"काय करताय जिजी?" पाटणकर धावत आले.

"तुमच्यार पडता म्हणतास ना? माझ्यार पडांदे."

आम्ही ओढला. अख्ख्या सोसायटीने ओढला. रिक्षावाले आले, दूधवाला आला, दोराच्या शेवटी पाटणकरांची बायकोसुद्धा होती. पोकळ मूळ कुरकुरलं, माड थरथरत उभा झाला, आणि मग हळूच, थकलेलं पोर खांद्यावर डोकं टाकतं तसा, जिजीच्या कौलांवर कलला. दोर चौकातल्या लोखंडी खांबाला आवळला. मुळाखालची पोकळी दगड, विटा आणि फुटक्या लाद्यांनी ठेचून भरली. घुशींनी ती जागा सोडली आणि त्या माझ्या घराखाली राहायला आल्या. "मास्तर," जिजी म्हणाली, "आता तुजी पाळी."

पुढे कितीतरी पावसाळे ती त्या माडाखाली राहिली. वादळाच्या दुपारी पाटणकर खिडकीतून हाक मारायचे, "जिजी, वारा फार आहे, इकडे येऊन बसा." ती आतून ओरडायची, "कित्याक? तुमका आता धोको नाय!" आणि पाटणकर वारा पडेपर्यंत खिडकीतच उभे. नारळ उतरले की पहिली जोडी त्यांच्याकडे जायची. त्यांच्या बायकोच्या सोलकढीला त्यानंतर जी चव आली, ती मालवणातही नसेल.

गेल्या वर्षी जिजी गेली. दुपारी वाडीत पाट टाकून बसली होती, बुंध्याला टेकून, तशीच. बाराव्याला इतकी माणसं जेवली की चौक पुरला नाही.

मग विलास घर विकायला म्हणून आला. गिऱ्हाइकाला कौलांवर टेकलेला माड नको होता. सोबत करवतवाला होता. आम्ही सगळे आपापल्या दारात उभे, पण बोलायचं कोणी? घर त्याचं, झाड त्याचं. तो पाटणकरांच्या ओट्याशी जाऊन म्हणाला, "काका, सोसायटीची सही लागेल. तोडून टाकतो आजच. तुमचीच तर तक्रार होती या झाडाबद्दल."

पाटणकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"होती," ते म्हणाले, आणि सही न करताच चौकातल्या खांबाशी जाऊन माडाचा दोर आवळायला लागले.