दहा माणसांची गाडी

"काका, आप्पा गेले. आपली गाडी घेऊन पुण्याला या." शांतारामची मुलगी मंगल हिचा फोन एवढाच. तिच्या भावाची, सतीशची, नवीकोरी मोटार इस्पितळाच्या दारातच उभी होती. तरी तिला ती जुनी गाडी हवी होती... त्याला आता दीड महिना होईल.

शांताराम माझा शाळेपासूनचा मित्र, महाळुंगे पडवळचा शेतकरी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आळेफाट्याच्या एका गॅरेजवाल्याकडून त्याने ती जीपगाडी घेतली, तेव्हा तिचे दोन मालक होऊन गेले होते. दिसायला कपाट. पुढाऱ्यांच्या काळ्या काचांच्या गाड्यांत एकही माणूस दिसत नसे, हिच्यात दहा दिसत. पण आत मांडी घालून बसता येई, मागची बाकं काढली की आजारी माणूस आडवा झोपे, आणि बिघडली तर कुठल्याही फाट्यावरचा मेकॅनिक ती दुरुस्त करी. कोणी रूपावरून चिडवलं की शांताराम म्हणे, "आपुन आत बसतो राव, भाईर न्हाई."

गाडी घेतली ती नुकत्याच लग्न झालेल्या मंगलला बेल्ह्याहून माहेरी आणायला. पण पहिला सण यायच्या आतच मेंढपाळांच्या वस्तीवरची एक म्हातारी दवाखान्यात वारली आणि तिला घरी आणायला कोणी वाहन देईना. शांतारामने बाकं काढली, गादी घातली आणि तिला आणलं. गावाला कळलंही नसतं. पण या सरळ माणसाने दुसऱ्या दिवशी ती गादी धुऊन रस्त्याकडेच्या कुंपणावर वाळत घातली! आमच्याकडे मयत वाहिलेल्या गाडीत वऱ्हाड बसत नाही, गरोदर बाई तर नाहीच. त्यानंतर लग्नाला गाडी मागायला कोणी आलं नाही. मयतीला मात्र सगळे आले, आणि त्याने कोणालाही नाही म्हटलं नाही.

मंगलला पहिल्या बाळंतपणासाठी आणायला आम्ही दोघे गेलो. व्याही दारातच आडवे आले. "पावणं, तुमचं काम लई मोठं. पन आमची पोटुशी सून ह्या गाडीत न्हाई बसायची." शांताराम "बरं" म्हणाला. तो तिला घेऊन एसटीत चढला. गर्दीत ती आळेफाट्यापर्यंत उभी होती, आणि त्या एसटीमागून मी रिकामी गाडी हाकत होतो. पुढेही तिच्या सासरचा नियम बदलला नाही. शांताराम त्याबद्दल कधी बोलला नाही. शेवटच्या आजारात मात्र एकदा म्हणाला, "मंगल एकदा बसाया पायजे व्हती रं."

शांतारामच्या दशक्रियेला पुढाऱ्यांनी घाटावर भाषणं केली. एकाने त्या गाडीला 'स्वर्गरथ' म्हटलं. स्वर्गाबद्दल मला माहिती नाही. पण शांतारामने ऐकलं असतं तर त्याने आधी रथाचं मायलेज विचारलं असतं.

तो गेला त्या दिवशी पुण्याहून निघताना सतीश म्हणाला, "ताई, तू माझ्या गाडीत ये." तिचे सासरेही तिथेच उभे होते. मंगलने कोणाकडे पाहिलं नाही. मागे चढली, वडिलांच्या उशाशी मांडी घालून बसली आणि आतून दार ओढून घेतलं. सासरे बाजूला झाले. खेडच्या घाटात खड्डे आले, म्हणून मी वेग कमी केला.

"चालू द्या काका, धक्का बसत न्हाई," ती म्हणाली. मग घाट उतरल्यावर... "बसायला लई बरी हाय वो ही. आप्पांना सांगायला पायजे व्हतं."