फिट म्हणेपर्यंत नारळ नाही

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर-ट्रॉल्या दुरुस्त करणारे एक मिस्त्री राहायचे. त्यांना इंग्रजीतला एकच शब्द येत होता आणि तो ते माझ्यापेक्षा चांगला वापरायचे. मी एम.ए., बी.एड., धारूरच्या शाळेत वीस वर्षं इंग्रजी शिकवणारी बाई. हे कबूल करायला जिवावर येतं, पण खरं ते खरं. तो शब्द म्हणजे 'फिट'. गावात त्यांचं खरं नाव कुणालाच आठवत नव्हतं. सगळ्यांचे ते फिट मिस्त्री.

चहा जमला की तो फिट. पोरीचं लग्न ठरलं की सोयरीक फिट. हवा गार सुटली की तीही फिट. तब्येत कशी आहे विचारलं, तर वाक्य संपायच्या आत "फिट!" असं उत्तर यायचं. एकदा आमच्या शाळेच्या शिपायाला चक्कर येऊन तोंडाला फेस आला. लोक ओरडायला लागले, "फिट आली, फिट आली!" मिस्त्री कांदा घेऊन धावले खरे, पण त्या गडबडीतही लोकांवर डाफरले. "आली काय म्हंता बे? फिट गेली म्हना! आली आसती तर पडला कशाला आसता?" शिपाई शुद्धीवर आला तो हसतच.

माझ्या ओसरीवर शिकवणी चालायची. एकदा मी पोरांकडून 'फिट, फिटर, फिटेस्ट' असं पाठ करून घेत होते. मिस्त्री हात पुसत दारात येऊन उभे राहिले. "बाई, हे काय शिकवायलाव?" मी म्हटलं, फिट, त्याच्याहून जास्त फिट आणि सगळ्यांत फिट. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "फिटर तर मीच हाय, ते सोडा. पन थोडं फिट आन् लई फिट, असलं काय नसतंय, बाई. ब्रेक थोडा फिट असला तर ट्रॉली थोडी पडंल का?" पोरं खिदळली. मला राग आला. दुसऱ्या दिवसापासून मी उदाहरणाला 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट' घेतलं.

हे सगळं चेष्टेवारी चालायचं ते दसऱ्यापर्यंत. दसरा झाला की ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांचे ट्रॅक्टर मिस्त्रींच्या शेडपुढे रांगेत उभे राहायचे. बाया-बापड्या, लेकरं, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या असा सगळा संसार ट्रॉलीत बसून आमचा घाट उतरणार. म्हणून मिस्त्रींचा एक नेम होता. दुरुस्ती झाली की ट्रॉलीत माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती टाकायची, त्या पोत्यांवर स्वतः मांडी घालून बसायचं आणि घाट उतरून परत चढायचा. वर आल्यावर उडी मारून ते "फिट!" म्हणायचे. त्यानंतरच टोळीच्या मुकादमानं ट्रॅक्टरला नारळ फोडायचा. फिट म्हणेपर्यंत नारळ नाही, हा धारूरच्या त्या टोकाचा कायदाच होता.

एका मुकादमाला घाई झाली. त्यानं दुरुस्ती पुरी व्हायच्या आत पहाटेच नारळ फोडला आणि लोक बसवून शेडपुढून ट्रॅक्टर चौकाकडे काढला. चौकात मिस्त्री दात घासत होते, ते तोंडात मिश्रीचं बोट तसंच ठेवून रस्त्यात आडवे झाले. मुकादम म्हणाला, "आता नारळ फुटलाय. निघालेली गाडी माघारी न्हेत न्हाईत, अपशकुन आसतो." मिस्त्रींनी चूळ भरली. "बरोबर हाय तुमचं. गाडी माघारी न्ह्यायचीच न्हाई. शेड हिथं आनू." आणि खरंच, हातगाड्यावर पाने, जॅक, हातोडे टाकून त्यांनी भर चौकात दुकान मांडलं. लोकांना खाली उतरवलं. ट्रॉलीच्या एका चाकाचे दोन बोल्ट हातानं फिरत होते.  शेजारी उभ्या असलेल्या त्याच्याच बायकोनं मुकादमाला चार लोकांत जे ऐकवलं, ते मला इथे लिहिता येणार नाही.

मिस्त्रींचा मुलगा बबन पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. हात सोन्याचा. पण त्याच्या कामाला मिस्त्री कधी फिट म्हणाले नाहीत. "चालतंय," एवढंच म्हणायचे. मग स्वतः एकदा पाना फिरवून बघायचे आणि शब्द आपल्या तोंडून काढायचे.  एकदा मीच मिस्त्रींना म्हटलं, "चहाला फिट म्हणता, पोराला एकदा म्हटलं तर काय बिघडेल?" ते म्हणाले, "चहावर कुनी लेकरं बसवत न्हाई, बाई."

दोन वर्षांपूर्वी ते घडलं. ट्रॉली मिस्त्रींनीच जोडली होती. बबन ट्रॅक्टरवर, मिस्त्री पोत्यांवर. घाट चढून येताना ट्रॉली सुटली आणि मागे घरंगळत डोंगराच्या कडेच्या नालीत जाऊन अडकली. मिस्त्रींचं कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं. जोडाची पिन बसवली होती, पण ती निसटू नये म्हणून तिच्या टोकाला घालायची खीळ मिस्त्रींच्याच खिशात होती. घालायची राहून गेली होती. शेडपुढे परतल्यावर बबन म्हणाला, "आन्ना, माझ्याकडनंच ऱ्हायली आसंल." मिस्त्रींनी खिशातली खीळ काढून रांगेतल्या सगळ्यांना दाखवली. "ह्याच्याकडनं न्हाई. माझ्याकडनं. आजपासून मी फिट न्हाई."

त्या दिवसापासून त्यांनी पाना हातात घेतला नाही. लेकीकडे परळीला जायचं ठरवलं. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कारण रांग तशीच उभी होती. मुकादम म्हणत, "बबन्या चांगलाय, पन म्हाताऱ्यानं त्याला कधी फिट म्हनलंय का?" दोन ट्रॅक्टर दुसऱ्या गावाला गेलेसुद्धा. बबनची बायको माझ्याकडे येऊन रडली. बापाच्या एका शब्दावाचून पोराचं दुकान बसणार होतं.

जायच्या दिवशी मिस्त्री आणि त्यांची बायको, आमच्या काकू, पिशव्या घेऊन निघाले. मी म्हटलं, "स्टँडवर सोडायला येते." ते म्हणाले, "स्टँड कशाला? बबननं ती निळी ट्रॉली नीट केलीय ना, तिच्यात जातो. घाटाखाली फाट्यावर परळीची गाडी भेटती." बबनचा चेहरा उतरला. "आन्ना, तिची चाचनी न्हाई झाली आजून. पोती टाकतो, आधी मी..."

"पोती कशाला?" मिस्त्री म्हणाले. "आमी हाव की."

त्यांनी काकूंना हात देऊन ट्रॉलीत चढवलं आणि शेजारी मांडी घातली. खाली वाकून पिन बघितली नाही, चाकाला हात लावला नाही. रांगेतले सगळे मुकादम बघत होते. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर हळूहळू घाटाकडे निघाला, आणि काकूंनी वळणावरून मला हात केला.

बबन फोन हातात धरून उभा राहिला. निळ्या ट्रॉलीच्या मुकादमानं दिलेला नारळ त्याच्या दुसऱ्या हातात होता. अर्ध्या तासानं फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला. आधी नुसतं इंजिन ऐकू आलं, मग काकूंचा खोकला.

"आन्ना, ट्रॉली कशी हाय?"

"ट्रॉलीत तुजी माय झोपलीवती," मिस्त्री म्हणाले. "तिला आत्ता फाट्यावर उठवलं." मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडले, "फिट!"

बबननं डोळे पुसले आणि नारळ फोडला.