लिस्बनचा चढ

“यात काहीतरी गोम आहे,” असं म्हणत आमच्या शेजारचे काका चष्मा कपाळावर सरकवायचे. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दुरुस्तीपासून दिवाळीच्या फराळापर्यंत त्यांच्या संशयातून काही सुटलं नाही. असे एक काका तुमच्याही जिन्यात असतील.

त्यांची मुलगी लिस्बनला नोकरी करायची. तिने एकदा तिकीट पाठवलं.

“अचानक का बोलावतेय? विचारलं तर म्हणते, सहजच. सहज कोणी लिस्बनला बोलावतं का हो?”

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. काका एकटे जाईनात, म्हणून रजा टाकून मी सोबत निघालो.

लिस्बन म्हणजे नुसते चढ. पर्वतीवर गल्ल्या आणि बिऱ्हाडं बसवली तर जसं दिसेल तसं. घरांना बाहेरून निळ्या फरशा. “न्हाणीघर उलटं घातलंय,” काका म्हणाले. पिवळी ट्राम कण्हत वर निघाली तेव्हा त्यांनी दांडा घट्ट धरला आणि ब्रेक लागतो ना, हे चालकाला चक्क मराठीत विचारलं. हॉटेलात न मागता ऑलिव्हची वाटी पुढ्यात आली, ती त्यांनी तशीच परत पाठवली.

संध्याकाळी मुलगी आम्हाला फिरायला न्यायची. दर वळणावर थांबून म्हणायची, “बाबा, इथून नदी बघ.” मी फोटो काढायचो. एका वळणावर काकांनी मला बाजूला ओढलं.

“कसला फोटो काढताय? समोर भिंत आहे. नदी कुठाय?” मग आवाज खाली आला. “पोरगी दम खातेय.”

घरी पोचल्यावर त्यांनी तिला सरळ विचारलं. ती आधी हसली, मग रडली. हृदयाची झडप खराब झाली होती, ऑपरेशन ठरलं होतं.

“फोनवर सांगितलं असतं तर तू घाबरला असतास.”

“मग आता काय नाचतोय?” असं म्हणून काका तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

ऑपरेशन पुढे नीट झालं. काका मात्र तिथेच राहिले. आमच्या शेजारचं दार आता बंद असतं.

मी निघालो त्या सकाळी दोघं टॅक्सीपर्यंत सोडायला आली होती. मागच्या काचेतून पाहिलं तर दोघं परत चढ चढत होती. पुण्यात वेताळ टेकडी रोज एका दमात चढणारे काका मध्येच एका पायरीवर मटकन बसले, गुडघे चोळू लागले, आणि शेजारची जागा रुमालाने झटकून त्यांनी मुलीला बसायची खूण केली.