मोटेवरची उर्दू

शेजारच्या मळ्यातला तो माणूस विहिरीवर मोट हाकताना उर्दूचे धडे गायचा. कचेरीत लागायचं तर निजामाची भाषा यायलाच हवी होती. बैल धावेच्या उतारावरून खाली निघाले की "मैं जाता हूं", माघारी येताना "मैं आता हूं". मधेच थांबून मला म्हणायचा, "दादा, यांच्या बोलीत समदं बाई न्हाईतर बाप्या हाय. मग आपलं ते लेकरू, ते पाखरू कुठं जावं?" आणि पाटाच्या पाण्याकडं बघत राहायचा.

त्याला नोकरी लागली, तो एकटाच बीडला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको मोटेवर उभी राहिली, तर बैल हलेनात. तिनं हळूच सूर धरला, "मैं जाता हूं." बैल निघाले.

माघारी येताना "मैं आता हूं" म्हणत ती बीडच्या वाटेकडं बघत होती.