गोणीच्या तळातली मूठ

मोड आलेल्या मटकीचं फडकं सोडलं की त्या ओलसर वासाने मला रत्नागिरीकडचा मृगाआधीचा आठवडा बाजार आठवतो. बी.ए. होऊन मी नुकताच मुंबईहून बोटीने परतलो होतो. आईला बियाण्याचं भात विकायचं होतं आणि पेरणीआधीचा तो शेवटचा बाजार होता. उरलेलं भात कांडून खावं लागलं असतं. बी रुजतं हे दाखवायला मूठभर दाणे फडक्यात भिजवून नेण्याची रीत होती. ते काम मी केलं होतं, टपोरे दाणे निवडून. बाजारात सुकी मासळी आणि फणसाचा दरवळ होता. एका शेतकऱ्याने आमची पुरचुंडी उलगडली. "काय गो वयनी, निवडून रुजवलंस ना?" माझे कान तापले. "निवडलेलं माझ्या बी.ए.नं रुजवलंन होतं, ते मी कोंबड्यांना घातलं," आई म्हणाली, "हे गोणीच्या तळातलं." आजूबाजूचे खो खो हसले. शेतकरी मात्र न रुजलेले चार दाणे बोटाने बाजूला करीत म्हणाला, "हे चार दिसले, म्हणून बाकीच्यांचा भरवसा वाटतो. ओत माझ्या गोणीत." आज शाळेत विद्यार्थ्यांना शिफारसपत्र देताना मी त्यांच्या उणिवाही लिहितो, आणि त्यामुळे अजून कुणाची नोकरी अडलेली नाही.