तपासणीपुरती पेंड
मानकोलीजवळच्या एका गोठ्यात संकरित गाईंचं रक्त तपासायचं ठरलं, तेव्हा मी मालकाला बजावून सांगितलं होतं की रोजचाच चारा घाला, त्यातून गाईंना काय मिळतं तेच रक्तात बघायचंय. मी नमुने घ्यायला गेलो, तर गव्हाणी सरकीच्या पेंडीने भरलेल्या. आठवडाभर हेच चाललं होतं म्हणे.

"डॉक्टरसाहेब, आता रिपोर्ट चांगला येल ना?" त्याने हौसेने विचारलं.

माझं डोकंच फिरलं. गाईंच्या बरगड्या दारातून मोजता येत होत्या आणि याला रिपोर्टची काळजी. "अहो, परीक्षा तुमची नाही," म्हणालो आणि रक्त न घेताच सुया पेटीत ठेवल्या.

फाटकातून वळून पाहिलं, तर तो गाईंच्या तोंडची पेंड उचलून परत पोत्यात भरत होता.