चंद्रीच्या पोटात अन्न हालत नव्हतं

"पदरानं पूस ते. नाहीतर पोरीला चाटायला लाव."

भरल्या पंगतीत मालकीण मला बोलली. सांगलीजवळ त्यांचा हळदीचा मळा. लेकाच्या मुंजीचं जेवण व्हतं. आमा कामाच्या बायांना मागल्या अंगणात बसवलेलं. माझा नवरा लढाईवर. पदरात एकच पोर, चंद्री. सहा वर्साची. हातपाय काड्या, पोट तेवढं नगाऱ्यावानी. सारखा खोकला. मुका घेतला तर मिठागत खारट लागायची.

तिनं दोन घास खाल्ले आन् भडाभडा ओकली. आदल्या रातीची भाकर तशीच भाईर पडली.

"वखवखलेली जात तुमची! फुकटचं मिळालं की कोंबायचं."

मी म्हटलं, "आवं, दोनच घास खाल्लं तिनं. तिच्या पोटात अन्न हालत न्हाई."

"तोंड वर करून बोलतेस?"

बाया हसल्या. जेवणाऱ्या बी, वाढणाऱ्या बी. चंद्री खाली वाकली. परकराचा काठ धरला. "आये, मी पुसते."

तवा माझ्यात कायतरी तुटलं. मी तिचा हात धरला.

"न्हाई पुसायचं."

पोर कडेवर घेतली आन् निघाले.

सकाळी मळ्याच्या वाटंवर उभी राहिले. खणलेली ओली हळद ढिगानं पडली व्हती. येळेत शिजवली न्हाई तर कुजती. मी बायांना म्हटलं, "काल माझ्या पोरीला चाटाय सांगितलं. तुमी हसला. उद्या तुमच्या पोरीला सांगतील." एक मागं फिरली. मग सगळ्या.

हळद कुजली. वास गावभर. मला लय बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मालकीण माझ्या दारात आली. "झालं गेलं सोड. कामाला चल."

"बसा हितं. पोर ओकंल, ते तुमच्या पदरानं पुसा. मग येते."

ती गेली. मला सांगलीत कुणी काम दिलं न्हाई. रहिमतपूरला भावाकडं आले. पावसाळ्यात चंद्री खोकून खोकून गेली.

फार वर्सांनी एका डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "सिस्टिक फायब्रोसिस असावा. जन्माचा आजार. खोकला त्याचाच. अशा काही पोरांचं पोट अन्न लवकर पुढं ढकलत नाही."

मी तडक सांगली गाठली. मालकीण म्हातारी झालेली, सुना-नातवंडांत बसलेली. सगळ्यांसमोर तिला आजाराचं नाव सांगितलं. पोर खोकून गेली, ते बी सांगितलं. ती रडाय लागली. हात जोडले.

मी जोडले न्हाईत. लोक म्हणतात, माफ कर. न्हाई करणार. मालकीण मेली तरी तिच्या दारात जाऊन हेच सांगणार. माफी चंद्रीनं द्यायची व्हती. ती आता न्हाई.